पंपाला हात लावण्याआधी कूलर मोज

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वरूड तालुक्यातल्या गावातून रोज एसटीने कॉलेजला जाते. घरी संत्र्याची बाग आहे. शेतातल्या लाइनची रात्रपाळी असली की बाबांना रात्री एक-दोन वाजता पंप सुरू करायला विहिरीवर जावं लागतं. मला रासबेरी पाय (एका बोर्डावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) घेऊन तो पंप मोबाइलवरून चालवायचा आहे. शिकवण्या घेऊन ६००० रुपये साठवले आहेत. पुण्याचा दादा म्हणतो, पाय ५ घे, आठ जीबीचा, बाकीचं घेण्यात अर्थ नाही. एका व्हिडिओत ३७ सेन्सरचा किट घ्यायला सांगितलाय. घरी कॉम्प्युटर नाही. माझा फोन आहे आणि एचडीएमआयवाला टीव्ही आहे. सोल्डरिंग कधी केलेलं नाही. बाबा म्हणतात, ‘हे खेळणं घेऊन काय करून राहिली तू?’ कुठून सुरू करू?
– एक विद्यार्थिनी, वरूड तालुका

उत्तर:

पाय ५ घेऊ नकोस. ३७ सेन्सरचा किट तर मुळीच नको. आणि पंपाचा विचार निदान यंदा तरी बाजूला ठेव. आता एकेकाचं कारण सांगतो.

दादाचं म्हणणं त्याच्या टेबलापुरतं बरोबर आहे. पाय ५ हा झकास बोर्ड आहे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तो बाजारात आला तेव्हा आठ जीबीच्या नुसत्या बोर्डाची किंमत ८० डॉलर होती, म्हणजे तुझे ६००० तिथेच संपले. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा खास ॲडॅप्टर लागतो, वर पंखा लागतो, कार्ड लागतं. एकही वायर जोडण्याआधी तू उधारीवर जाशील. शिवाय मे महिन्यात आपल्याकडच्या टिनाच्या खोलीत हा बोर्ड तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो. ८० अंशांच्या पुढे तो चिप वाचवायला लागतो. म्हणजे महागाचा वेग विकत घ्यायचा आणि उन्हाळाभर तो वापरता येणार नाही.

दादाला एवढंच सांग: पहिला रासबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला तेव्हा त्यात २५६ एमबी मेमरी होती. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढला, कारण विद्यापीठात येणाऱ्या मुलांनी त्याआधी प्रोग्रॅमिंगला हातच लावलेला नसे. घरचा कॉम्प्युटर बिघडेल ही भीती न बाळगता मुलांनी खटपट करावी, म्हणून किंमत ३५ डॉलर ठेवली. मी तुला जो बोर्ड सांगणार आहे त्यात त्या पहिल्या पायच्या दुप्पट मेमरी आहे.

बोर्डाचं नाव सांगण्याआधी एक फरक नीट समजून घे, कारण व्हिडिओवाले तो घाईत उडवून लावतात. रासबेरी पाय हा पूर्ण कॉम्प्युटर आहे. त्यात लिनक्स चालतं, तो सुरू व्हायला वेळ घेतो आणि बंद करतानाही त्याला रीतसर सांगावं लागतं. चालू असताना लाइट गेली आणि तेव्हाच तो कार्डावर काही लिहीत असला, तर कार्डावरचा डेटा बिघडू शकतो. रासबेरी पाय पिको, आर्डुइनो, ईएसपी३२ हे मायक्रोकंट्रोलर. त्यांच्यात एकच प्रोग्रॅम असतो. लाइट आली की लगेच कामाला लागतात, गेली की गप्प बसतात, नुकसान काही नाही. आपल्या गावात दिवसातून किती वेळा लाइट जाते ते तुला ठाऊक आहे. तेव्हा सेन्सर जोडायला मायक्रोकंट्रोलर, आणि प्रोग्रॅम लिहायला, नोंदी साठवायला, आलेख काढायला पाय, अशी कामाची वाटणी कर. आणखी एक कारण आहे. पायला बदलता व्होल्टेज थेट वाचता येत नाही, त्याच्या पिनेला फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच कळतं. पिकोला ते वाचता येतं, त्यासाठी त्याच्या तीन पिना आहेत.

म्हणून पैसे दोन खेपांत खर्च कर.

पहिल्या खेपेला पिको घे. मागताना ‘पिको एच’ माग; त्याला पिना आधीच लावलेल्या असतात, त्यामुळे सोल्डरिंगचा प्रश्नच येत नाही. सोबत ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय वायरी खोचून जोडायची पाटी), जंपर वायरी, पाच-सहा एलईडी, ३३० ओहमचे आणि ४.७ किलोओहमचे थोडे रेझिस्टर, आणि डीएस१८बी२० या तापमापकाचे स्टीलच्या नळीतले तीन नग. हजार-बाराशेत हे सगळं बसावं. दर हलत राहतात, म्हणून आकडा ढोबळच धर. त्यावर तीनशे-चारशेचा पिवळा डिजिटल मीटर, म्हणजे मल्टिमीटर घे. मीटर नसेल तर वायर तुटली की प्रोग्रॅम चुकला हेच कळत नाही, आणि नवशिके बहुतेक तिथेच कंटाळून सोडून देतात. तो मीटर बॅटरीच्या सर्किटपुरताच वापर. विहिरीवरच्या पेटीत त्याची टोकं घालायची नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे कॉलेजच्या कॉम्प्युटरवर काम कर. भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलंस तर ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

त्यात मन रमलं, तर दुसऱ्या खेपेला पाय झीरो २ डब्ल्यू घे. ५१२ एमबी मेमरी, वाय-फाय, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आला तेव्हाची किंमत १५ डॉलर. इथे तो महाग पडतो, तरीही पाय ५ च्या जवळपाससुद्धा जात नाही. पिना नसलेला घेतलास तरी चालेल, सेन्सर तू पिकोलाच जोडणार आहेस. टीव्हीला लावायला मिनी एचडीएमआयचा जोड लागेल. यूएसबीचं डेटासाठी एकच छोटं तोंड आहे, त्यामुळे ओटीजी हब घ्यावा लागेल. त्यावर कीबोर्ड, माउस आणि पिको तिन्ही लागतील. ३२ जीबीचं कार्ड ओळखीच्या दुकानातून आणि बिलासकट घे. फुटपाथवरच्या कार्डांवर ३२ लिहिलेलं असतं आणि आत भलतंच निघतं.

या खेपेत सगळ्यात जास्त फसवतो तो ॲडॅप्टर. घरात पडलेला मोबाइलचा चार्जर आणि कुठली तरी बारीक केबल लावली की बोर्ड सुरू तर होतो, पण कधी अडकतो, कधी आपोआप रीस्टार्ट होतो, आणि लोक बोर्डाला नावं ठेवतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकताना दिसली तर समजायचं की व्होल्टेज कमी पडतंय. झीरो २ डब्ल्यूला ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा ॲडॅप्टर दे, आणि केबल जाड व आखूड ठेव.

कार्डावर सिस्टिम भरायला ‘रासबेरी पाय इमेजर’ हा मोफत प्रोग्रॅम कॉलेजात किंवा गावातल्या सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर चालव. त्यातच युजरचं नाव, पासवर्ड आणि तुझ्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव घालून ठेव. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवायला विसरू नकोस. या बोर्डाला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, आणि मग अख्खी संध्याकाळ ‘वाय-फाय का लागत नाही’ यात जाते. ३२ बिटची सिस्टिम निवड. ब्राउझर उघडायच्या भानगडीत पडू नकोस, ५१२ एमबीत तो रांगतो. वाचायचं ते फोनवर वाच आणि टीव्हीवर फक्त थॉनी (पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहायचं साधं सॉफ्टवेअर) उघडून प्रोग्रॅम लिही. काम झालं की मेनूतून शटडाउन, मगच बटण बंद.

एकूण हिशेब ६००० च्या आत बसावा. नागपूरला कुणी जाणारं असेल तर सीताबर्डीत सुट्या भागांची दुकानं आहेत, नाहीतर ऑनलाइन. ३७ सेन्सरच्या किटचं मघाशी सांगायचं राहिलं. त्यातले निम्मे सेन्सर तू एकदा जोडशील, दिवा लागलेला बघशील आणि डबीत टाकशील. कित्येकांवर नावही नसतं. त्यापेक्षा तीन सेन्सर घे आणि ते मुळापासून समजून घे.

पहिल्या दिवशी एलईडी. पिकोवरचं पांढरं बटण दाबून धर आणि तसंच धरून केबल लाव. कॉम्प्युटरला तो पेनड्राइव्हसारखा दिसेल. त्यात मायक्रोपायथॉनची (छोट्या बोर्डांसाठीच्या पायथॉनची) फाइल टाकली की तयार. एलईडीचा लांब पाय २० नंबरच्या पिनेला, आखूड पाय ३३० ओहममधून १८ नंबरला, म्हणजे ग्राउंडला. ३३० ओहमचा रेझिस्टर रंगांवरून ओळखायचा: नारिंगी, नारिंगी, तपकिरी. वरूडच्या पोरीला हे पाठ करावं लागू नये. बोर्डाच्या कुठल्याही पिनेला ३.३ व्होल्टच्या वर काही द्यायचं नाही, हे मात्र पाठच कर. पायचंही तेच. पाच व्होल्टची वायर चुकून पिनेला लागली तर बोर्ड धूरही न काढता मरतो.

एलईडी लुकलुकला की लगेच कूलरकडे वळ. उन्हाळा तोंडावर आहे आणि आपल्याकडे यापेक्षा चांगली प्रयोगशाळा सापडायची नाही.

डीएस१८बी२० ची गंमत अशी की प्रत्येक नगाला कारखान्यातूनच स्वतःचा वेगळा क्रमांक मिळालेला असतो, त्यामुळे तिन्ही सेन्सर एकाच वायरीवर, एकाच पिनेला जोडता येतात. सहसा लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी पिनेला, आणि पिवळी-लाल यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर. तिन्हींना मिळून तो एकच पुरतो. जोडल्याबरोबर नळीला बोट लाव. चटका बसला तर लाल-काळी उलटी लागली आहे, लगेच काढ. आणि पडद्यावर ८५ अंश दिसले तर घाबरू नकोस, इतकं ऊन अजून आपल्याकडेही पडत नाही. सेन्सर सुरू होताना त्याच्यात हाच आकडा असतो. मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतं, आणि त्याआधी विचारलं की तो ८५ सांगतो.

आता एक सेन्सर कूलरच्या मागे, बाहेरच्या सावलीत टांग. दुसरा कूलरसमोर, हवेच्या झोतात. तिसऱ्याच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळ, कापडाचं एक टोक पाण्याच्या वाटीत सोड आणि तोही बाहेरच्या सेन्सरशेजारी, वारा लागेल असा ठेव. हा तिसरा जे सांगतो त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणता येईल. पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं, म्हणून तो आकडा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त उतरतो. कूलर कितीही भारी असला तरी त्या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही.

समज, बाहेर ४३, ओलं फडकं २३ आणि कूलरसमोर २७ भरले. कूलरला जास्तीत जास्त २० अंश उतरायची मुभा होती, तो १६ उतरला. म्हणजे ८० टक्के काम करतोय. तोच कूलर पाऊस सुरू झाल्यावर बघ. बाहेर ३६, फडकं २८. आता मुभाच ८ अंशांची. ८० टक्के धरले तरी झोताची हवा साडेएकोणतीसच्या वर, आणि तीही दमट. आषाढात कूलर लावला की अंग का चिकचिकतं हे सगळ्यांना अनुभवानं माहीत असतं. तुझ्याकडे त्याचे आकडे असतील. मे महिन्यातच टक्केवारी ८० वरून ५५ वर घसरली तर गवत बदलायला झालंय किंवा पाणी नीट फिरत नाहीये हे तुला घरात सगळ्यांच्या आधी कळेल. दर दहा मिनिटांनी नोंद, महिनाभर. आलेख टीव्हीवर लाव. बाबांच्या ‘खेळणं’ या शब्दाला मी यापलीकडे काही उत्तर देणार नाही.

एक सक्त सूचना. सेन्सर कूलरच्या पत्र्याला बांधायचे नाहीत, टाकीत सोडायचे नाहीत. पत्र्यात करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. कूलरच्या जवळ हात न्यायचा असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढायचा. आणि जमलंच तर घरच्या अर्थिंगची वायरमनकडून एकदा तपासणी करून घे.

कूलर झाला की बागेत जा, पण पंपाकडे नाही, झाडाच्या बुंध्याशी. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण देता, म्हणजे पाणी बंद ठेवता, तेव्हा बाबा माती हातात घेऊन, पानं बघून अंदाज बांधत असतील. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर इथे उपयोगाचा. दोन उघड्या धातूच्या काट्यांचा स्वस्त प्रकार घेऊ नकोस, काही आठवड्यांत गंजतो. ‘कपॅसिटिव्ह’ म्हणून मिळतो तो घे. त्याच्या कडांतून पाणी आत मुरतं, म्हणून कडांना आणि वरच्या चिपच्या भागाला नेलपॉलिशचे दोन हात दे. तो बदलतं व्होल्टेज देतो, जे पिकोला थेट वाचता येतं. पण तो आकडा म्हणजे ओलावा नव्हे. त्याला तुमच्या मातीची ओळख करून द्यावी लागते: सेन्सरजवळची मूठभर माती काढून वजन कर, पूर्ण वाळव, परत वजन कर, कमी झालेल्या वजनाला वाळलेल्या मातीच्या वजनानं भाग. प्रयोगशाळेत १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवतात, कॉलेजात तो असेल तर फारच छान. ओली, मध्यम, कोरडी अशा चार-पाच वेळा हे केलंस की आकडा आणि ओलावा यांचा मेळ बसेल. आपल्या काळ्या भारी जमिनीत आणखी एक अडचण येते. ती वाळली की भेगाळते, सेन्सरच्या अंगाला हवा लागते आणि तो एकदम ‘कोरडं’ म्हणायला लागतो. दर आठवड्याला माती पुन्हा दाबून बसवावी लागेल. आणि सेन्सरच्या भरवशावर ताण तोडायचा निर्णय पहिल्या वर्षी तरी घेऊ नका; बाबांचा अंदाज एका रकान्यात, सेन्सरचा आकडा शेजारी, एवढंच करा. ताणाबद्दल शंका असेल तर नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे विचारता येतं.

आता पंप. तुझी तळमळ कळते. रात्री दोन वाजता चिखलातून, सापकिरड्यातून विहिरीवर जाणं हा काही छंदाचा विषय नाही. पण शेतातली लाइन थ्री फेज, ४१५ व्होल्टची आहे. किटमध्ये मिळणाऱ्या निळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) १० अँपिअर, २५० व्होल्ट छापलेलं असतं. मोटरसाठी ती गोष्ट विसरून जा. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. एक फेज गेलेली असताना मोटर सुरू राहिली तर जळते. विहिरीत पाणी नसताना चालली तरी खराब होते. आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे कुणी पंपाशी काम करत असताना तुझ्या फोनवरून तो सुरू झाला तर. मोबाइलवरून चालणारे तयार स्टार्टर मिळतात. त्यांतला फेज गेल्यावर आणि पाणी आटल्यावर मोटर बंद करणारा निवडायचा आणि परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यायचा. त्यासाठी पैसे घरानं काढावेत, तुझ्या ६००० तून नाही. बाबांशी हे बोल, कारण रात्रीचं जाणं थांबवायचा हाच सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

तुझ्या पिकोला तिथे वेगळं काम देता येईल: लाइन कधी आली, कधी गेली याची नोंद. विहिरीवरच्या खोलीत सॉकेट असेल तर जुना मोबाइल चार्जर त्यात लाव. लाइन आली की तो ५ व्होल्ट देईल. ते थेट पिनेला द्यायचे नाहीत. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावून मधल्या जोडातून वायर काढ, तिथे अडीच व्होल्ट मिळतात आणि पिकोला तेवढे पुरतात. चार्जरचं आणि पिकोचं ग्राउंड एकत्र जोड. पिको पॉवर बँकेवर चालव. काही पॉवर बँका इतक्या कमी करंटला आपोआप बंद होतात, तेव्हा आधी घरी रात्रभर चालवून बघ. पिकोला लाइट गेल्यावर वेळ आठवत नाही, म्हणून डीएस३२३१ हे नाणंसेलवालं घड्याळ जोडावं लागेल. हा चार्जर एकाच फेजचं सांगतो, तिन्ही आल्या की नाही ते नाही, हे नोंदवहीवर ठळक लिहून ठेव. दोन महिन्यांच्या नोंदी हातात आल्या की पाळीच्या वेळापत्रकाशी ताडून बघता येईल, आणि बाबांना तेवढी एक फेरी वाचवता आली तरी पुष्कळ. मृग लागला आणि गडगडायला लागलं की मात्र चार्जर सॉकेटमधून काढून ठेव.

सोल्डरिंगची आत्ता काही गरज नाही. मातीच्या सेन्सरची वायर लांबवायची वेळ येईल तेव्हा २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न पुरेल, आणि पहिले दहा-वीस टाके जुन्या खराब रेडिओच्या पट्टीवर घाल. खिडकी उघडी ठेव. सोल्डरच्या तारेत बहुतेक वेळा शिसं असतं, तेव्हा उठलीस की आधी हात धू, मग चहा.